भिंतीकडचं पान

मी, काकड्या जान्या वरठा, वय एकोणसत्तर, इंग्रजीचा निवृत्त शिक्षक, राहणार उधवा, तालुका तलासरी, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्याच ओटीवर बसून, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. डहाणूच्या डॉक्टरांनी हृदय थकल्याचं सांगितलं आहे. डोकं थकल्याचं सांगितलेलं नाही, आणि तसा दाखलाही दिला आहे. वकीलसाहेब म्हणाले, "गुरुजी, मोजकं लिहा." मोजकं लिहायला मी पोरांना आयुष्यभर शिकवलं, पण आता मला स्वतःला ते जमायचं नाही. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. मरायची ही पहिलीच वेळ आहे.

कलम १. माझी माणसं. पत्नी रूपी तीन वर्षांपूर्वी वारली. मुलगा मुकेश चिकूचा टेम्पो चालवतो. तो आणि सून भारती माझ्याजवळ राहतात. मुलगी संगिता वापीला असते. जावई नविन तिकडे कारखान्यात आहे, आणि त्यांना शितल नावाची मुलगी आहे. संगिताने आठ वर्षांत या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. तरी ती माझी वारस आहे. हे वाक्य खोडायचा अधिकार मी कोणाला देत नाही, खुद्द तिलासुद्धा.

कलम २. ओहोळाकडचं भातशेत मुकेशला. तो कसतो, म्हणून त्याचं. शेजारी चिमण याने वीस वर्षांपूर्वी आपल्या कुंपणाचा एक खांब माझ्या बांधात रोवला, तो तिथेच राहू द्यावा. त्यावरून आम्ही पुष्कळ भांडलो. पण इंग्रजीत बेटाला आयलंड म्हणतात, त्याच्या पोटात एक एस आहे. तो कधीच कोणी बोललं नव्हतं. जुन्या विद्वानांना वाटलं, हा शब्द लॅटिनमधून आला असणार, म्हणून त्यांनी तो मागाहून घुसवला. चूक होती, पण आता सारं जग तसंच लिहितं. चिमणच्या खांबावर कारल्याचा वेल चढला आहे. कारली दोन्ही घरांनी खावीत.

कलम ३. सायकल, फळा आणि मोठा इंग्रजी शब्दकोश सूनबाई भारतीला. संध्याकाळी पाड्यावरची पोरं ओटीवर जमतात, त्यांना ती माझ्याहून बरं शिकवते, ओरडत नाही. "या पोरांना इंग्रजी कशाला?" असं मला भर वर्गात विचारणारे एक साहेब होते. त्यांच्यासाठी मी काही ठेवलेलं नाही. त्यांचा प्रश्न तेवढा परत करतो, अजून नवाकोरा आहे. बँकेत पेन्शनचं जे उरेल ते भारतीने ओटीवर पत्रे घालायला वापरावं. पावसात पोरांच्या वह्या भिजतात.

कलम ४. वकीलसाहेबांनी हे कलम गाळायला सांगितलं. मी गाळत नाही, कारण पुढचं कलम याच्याशिवाय समजणार नाही.

सुरीला इंग्रजीत नाइफ म्हणतात. लिहिताना आधी के लिहायचा, वाचताना त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी झिपरू नावाच्या पोराने उभं राहून विचारलं, "गुरुजी, बोलाचा नाय, त लिवाचा कशाला?" मी म्हणालो, "पाठ कर." पुढे डहाणूला शिक्षकांचं शिबिर झालं, तिथे एका बाईंनी उलगडून सांगितलं. फार पूर्वी इंग्रज लोक तो के बोलत होते. नाइट म्हणजे रात्र, तिच्यातले जी आणि एच हेसुद्धा घशातून खरवडून बोलत होते. मग छापखाने आले, आणि शब्द तेव्हा जसे लिहीत होते बहुतेक तसेच शिशाच्या खिळ्यांत बसले. लोकांची जीभ पुढे निघून गेली, हात मात्र जुनंच लिहीत राहिला.

आमच्या पाड्यावर नवा भात आला की घरच्यांनी तोंडात घास घालण्याआधी भिंतीकडेला पानं मांडतात, घरातल्या गेलेल्या माणसांची. त्यांना आधी वाढायचं, मग आपण बसायचं. मी शिबिराहून परतलो आणि झिपरूला म्हणालो, "तो के म्हणजे तुझ्या आजाचं पान. आजा येऊन जेवत नाही, म्हणून तू पान मांडायचं सोडतोस काय?" सगळा वर्ग हसला आणि सगळ्या वर्गाला कळलं. त्यानंतर माझ्या वर्गात तो के कोणी विसरलं नाही.

कलम ५. घर. घराचे दोन समान वाटे करावेत. रस्त्याकडचा मुकेशला. चुलीकडचा, म्हणजे जिथे भिंतीकडेला पानं मांडतात तो, संगिताला.

का, ते सांगतो. संगिताला शिकवायला रूपी चिकूच्या वाड्यांमध्ये मजुरीला जात असे. पोरगी मास्तरीण व्हावी हा तिचा ध्यास. संगिताने ते शिक्षण अर्ध्यात सोडलं आणि नविनबरोबर संसार मांडला. मुलगा चांगला होता, माझी काही हरकत नव्हती. पण रूपीचं मन मोडलं. ती म्हणाली, "तिचं नाव या घरात काढाचं नाय." आणि तिने ते मरेपर्यंत पाळलं. रूपीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मात्र त्याच वर्षी नवा भात आला तेव्हा तिने भिंतीकडे एक पान जास्त मांडलं. माझ्या आईबापांची दोन, लहानपणीच गेलेल्या आमच्या मुलाचं एक, आणि चौथं. कोणाचं ते मी विचारलं नाही. त्या पानावर सुक्या बोंबलाची चटणी होती, आणि ती आमच्या घरात एकट्या संगितालाच आवडायची.

पुढच्या वर्षी नेमकी त्याच दिवशी संगिता तान्ह्या शितलला घेऊन दारात आली. आईला नात दाखवायची, म्हणजे राग जाईल, असा तिचा बेत असावा. तिने आत पाहिलं, पानं मोजली, चटणी ओळखली. ती उंबऱ्यावरूनच मागे फिरली. मी पाठोपाठ वापीला गेलो. नविनने चहा दिला. संगिता म्हणाली, "बाबा, मी जिती हाय ना? मंग आयसनं माना मेलेल्यांत का वाढलं?"

मी घरी येऊन रूपीला जसंच्या तसं सांगितलं. तिने चुलीतली राख पुढे ओढली. मग म्हणाली, "भुकेला जिता काय नि मेला काय? जो येऊन आपल्या हातानं घे नाय, त्याला वाढाचं. पोशी उपाशी ऱ्हाल ना." पोशी म्हणजे आमच्या बोलीत पोरगी. मी म्हटलं, "मग हेच तिला जाऊन सांग." तर म्हणाली, "नाव नाय घेनार." मी दोघींमध्ये निरोप्यासारख्या पुष्कळ खेपा घातल्या. संगिताला वाटायचं, बाबा आपल्या पदरचं सांगतात. रूपी गेली तेव्हाही ती अंगणापर्यंत आली, आणि तिथूनच परत गेली.

त्या वर्षी रूपीचं पान भिंतीकडे आलं, लेकीच्या पानाला लागून. तेव्हा, संगिता, हे कलम तुला वाचून दाखवतील म्हणून कायद्याच्या कागदावर लिहितो; कागदावरचं तरी तू खरं मानशील. तुझ्या आईची जीभ एकीकडे गेली, तिचा हात तुझ्यापाशीच राहिला. जो बोलला जात नाही तो मेला, असं नसतं, बाय. त्याच्याशिवाय शब्द पुरा होत नाही, म्हणून त्याला लिहितात. मी हे हजार पोरांना शिकवलं, आणि माझ्या एका पोरीला पटवता आलं नाही.

कलम ६. (हे कलम नंतर घातलं आहे, शाई वेगळी दिसेल.) पाचवं कलम लिहून झाल्यावर मुकेशने मला न विचारता कागद उचलला आणि फोनवरून बहिणीला सगळं वाचून दाखवलं. मी मरायच्या आधीच मृत्युपत्र फोडल्याबद्दल त्याला इथे लेखी समज देत आहे.

काल आमच्याकडे नवा भात झाला. भारतीने भिंतीकडेला पाच पानं मांडली. भात वाढून होतोय तोवर नविनची मोटारसायकल अंगणात आली. संगिता शितलचा हात धरून उंबऱ्याशी थांबली. मग आत आली, सरळ भिंतीकडे गेली आणि आईच्या पानाशेजारी, आपल्या पानावर, मांडी घालून बसली. तिने चटणीशी भात कालवला आणि जेवली, रडत रडत, पान पुसून. शेवटी भारतीला म्हणाली, "वहिनी, चटनी आयससारखी नाय झाली. मीठ कमी हाय." मी आयुष्यात इतका गोड दोष ऐकलेला नाही.

म्हणून ठरवतो की पुढल्या वर्षापासून संगिताचं पान भिंतीकडे मांडू नये. ती पंगतीत बसेल. भिंतीकडची ती जागा, रूपीच्या शेजारची, माझ्यासाठी मोकळी ठेवावी. बोंबील मला चालत नाहीत, हे भारतीला माहीत आहे.

कलम ७. साक्षीदार. आज सह्या करताना संगिता म्हणाली, "बाबा, मी करते सही." वकीलसाहेब म्हणाले, ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीला सही करू नये, उद्या कोणी हरकत घेईल. वाऱ्याने कागद उडत होते, ते तिने सगळा वेळ दोन्ही हातांनी दाबून धरले. तेव्हा खाली तिचं नाव नाही. वाचणाऱ्याने ती नव्हती असं समजू नये.

वरील सर्व मी वाचून, समजून, खाली सही करत आहे.

काकड्या जान्या वरठा

आमच्यासमोर गुरुजींनी सही केली. आम्ही त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर केली:
१. झिपरू लखमा धोडी, गुरुजींचा विद्यार्थी, हल्ली शिक्षक, आशागड
२. चिमण सोन्या कोम, शेजारी, उधवा (खांब माझाच, कारली दोघांची)

ठिकाण: उधवा, घराची ओटी
दिनांक: ६ नोव्हेंबर २०१७