तेवीसची बोली

१८ ऑगस्ट, मंगळवार

मार्लीनला हो म्हणून बसलो.

दोन नंबरच्या बॉयलरची वार्षिक तपासणी चालू होती. ती तळघरात उतरली, पांढरे बूट, म्हणून शेवटच्या पायरीवरच थांबली. मार्लीन हद्दाद, गणिताची बाई. आमच्या कागदावरच्या बेसबॉल लीगमध्ये, म्हणजे खोट्या पैशांनी खऱ्या खेळाडूंवर बोली लावून संघ जमवायच्या खेळात, यंदाच आली आणि बारा संघांत बारावी आहे.

म्हणाली, "जीन, चार सप्टेंबरला माझ्या नववीच्या वर्गावर या. बोली काढायचं तुमचं सूत्र मुलांना दाखवा. पुस्तकातली गणितं त्यांना मेलेली वाटतात."

"मी दहावीसुद्धा पुरी केलेली नाही."

"म्हणूनच या."

वरवर आढेवेढे घेतले, आतून फुगलो. चौदा वर्षं या शाळेत मी म्हणजे 'जीन, नळ गळतोय', 'जीन, तिसऱ्या मजल्यावर गारठलोय'. फक्त लीगमध्ये मला प्रोफेसर म्हणतात. डिग्रीवाले अकरा जण म्हणतात. हे मी विसरत नाही.

वाफेचा दाब अकरा पूर्णांक आठ. गेल्या वर्षीही नेमका तेवढाच.

१९ ऑगस्ट

हो म्हणायला नको होतं.

२२ ऑगस्ट, शनिवार

दोन्ही वह्या टेबलावर काढल्या.

निळी जुनी. तिच्यातलं सूत्र माझं स्वतःचं, कुठून उचललेलं नाही. हिवाळ्याला किती इंधन पुरेल ते काढता काढता सुचलं होतं. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, बाद केलेले फलंदाज, त्यातून फुकट पुढे सोडलेले वजा, भागिले त्याचे सामने, गुणिले हंगामाचे उरलेले आठवडे. जो आकडा येईल ती त्या खेळाडूवरची बोली. बस. चार ओळी.

काळी वही गेल्या जूनपासूनची. तिच्यात उत्तर आधी आणि गणित मागून! बोल्यांचे आकडे विकणारी एक साइट आहे; ती सांगते 'एकोणीस', की मी एकोणीस लिहितो आणि तिथपर्यंत पोचायला रस्ता बांधत बसतो. वाऱ्याची दुरुस्ती, उष्म्याची दुरुस्ती, गुडघ्याची दुरुस्ती. एकूण अकरा झाल्या. गणित म्हणून प्रत्येक पायरी बरोबर आहे, मी दोनदा तपासतो. नुसतं सगळं मिळून खोटं आहे.

मार्लीनला वर्गासाठी पानं हवी होती. निळीतल्या सहा पानांच्या प्रती काढून दिल्या. काळी परत हत्यारांच्या पेटीत, तळाशी.

२६ ऑगस्ट, बुधवार

हे कसं झालं ते एकदा सरळ लिहून काढतो.

लीगचा नियम सात: 'विकतचा सल्ला घेणाऱ्याने लीग सोडावी.' नियम माझा, अक्षरही माझं. व्यायामशिक्षक डेल क्रचफील्ड, लीगचा कारभारी, म्हणाला होता, "असू दे रे, आता सगळेच घेतात." मीच टेबलावर मूठ आपटली होती.

गेल्या जूनमध्ये त्या साइटवर गेलो तो तिच्या चुका काढायला. रीतसर नोंद ठेवली. अकरा आठवडे एका बाजूला तिचे आकडे, दुसऱ्या बाजूला माझे. आठ वेळा ती बरोबर निघाली. बारा वर्षांचं सूत्र! त्या दिवसापासून निळी वही उघडली नाही. उघडायची लाज वाटायची, जुन्या मित्राला रस्त्यात टाळावं तशी.

सप्टेंबरात जिंकलो. आमचा चषक म्हणजे एक नंबरच्या बॉयलरचा जुना पितळी व्हॉल्व्ह. मीच घासून लाकडावर बसवलेला. शिक्षकांच्या खोलीत तो हातात धरून मी म्हणालो, "यात यंत्राचा हात नाही. डोकं आणि पेन्सिल." टाळ्या पडल्या. कुणी विचारलं नव्हतं. मीच बोललो.

आज नाश्त्याला फोन बघत होतो. बायको, ट्रूडी, म्हणाली, "ज्यांना जन्मात भेटला नाहीस अशा पंचवीस जणांचा मालक तू. आणि तुझा मालक तो फोन."

साइट सोडायचं बटण दाबलं. ती विचारते, 'नक्की जायचंय?' खाली दोन चौकोन. अंडी गार होईपर्यंत बघत बसलो. मग 'नाही' दाबलं.

२९ ऑगस्ट, शनिवार

व्हँडरवील हा पिचर बाजारात मोकळा आहे. कोपर दुखतं म्हणून डेलनेच त्याला सोडला होता, आता बरा होऊन परत आलाय. उद्या दहाला बंद बोल्या उघडतील. हंगामाला प्रत्येकाला शंभर खोटे डॉलर, माझ्याकडे एकतीस उरलेत. मी दुसरा आहे. हा मिळाला तर पहिला होईन.

साइट म्हणते तेवीस. तेवीस लावले.

काळ्या वहीत रस्ता बांधायला चाळीस मिनिटं आणि दोन पानं लागली. कोपराची दुरुस्ती नवीन. बारावी.

३० ऑगस्ट, रविवार

चर्चच्या पार्किंगमध्ये फोन उघडला. ट्रूडी पिएरोगीचा, उकडलेल्या करंज्यांचा, डबा घेऊन गाडीजवळ उभी.

व्हँडरवील: पिओट्रोव्स्की, म्हणजे मी, तेवीस. हद्दाद तेवीस.

बरोबरी झाली की खेळाडू खालच्या संघाला जातो. मार्लीनला मिळाला. ते गेलं खड्ड्यात. तेवीस!

पाच मिनिटांत डेलचा सगळ्यांना निरोप: "वीस लावणारा मला समजतो, पंचवीस लावणारा समजतो. तेवीस कोण लावतं? आणि दोघं? एकाच दुकानातून आणता की काय?"

ट्रूडी म्हणाली, "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग तोंड असं का?"

३१ ऑगस्ट, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतला फ्रिज दुरुस्त करत होतो. पाठ सगळ्यांकडे, डोकं फ्रिजमागे. तिथेच डेलने गाठलं.

"प्रोफेसर, शुक्रवारी मीही मागच्या बाकावर बसणार. तेवीस कसे आले ते फळ्यावर मांड."

मी म्हटलं, "मुलांना कंटाळा येईल."

"मुलांचं सोड, मला गंमत वाटेल. नियम सात आठवतो ना? तुझ्याच हातचा आहे." मग तिच्याकडे वळला. "मार्लीन, तुलाही सुटका नाही हं. बारावा नंबर आणि असली बोली!"

मार्लीन हसली. "मांडू की. त्यात काय?"

आठ जण ऐकत होते. फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये माझ्या खांद्याइतकीच जागा. लगेच बाहेर आलो नाही. स्क्रू घट्ट होता तरी पिळत राहिलो.

पण तिचं ते हसणं. ओळखलं मी ते. पंधरा महिने तसंच हसतोय.

१ सप्टेंबर, मंगळवार

तीही घेते. दुसरा अर्थच नाही. शंभरातून दोघांनी नेमके तेवीस उचलावे, योगायोगाने? मी योगायोग मानत नाही. आकड्याला बाप असतो.

विचित्र गोष्ट — बरं वाटतंय. या कोंदट खोलीत इतके दिवस मी एकटा होतो, आता कळलं पलीकडच्या कोपऱ्यातही कुणी बसलंय. कोबीच्या गुंडाळ्या पाच खाल्ल्या. ट्रूडी बघत राहिली.

उद्या मार्लीनशी बोलायचं. डेलच्या आधी. शुक्रवारच्या आधी. दोघं मिळून कबूल करू, नाहीतर दोघं मिळून गप्प बसू. ती म्हणेल तसं.

२ सप्टेंबर, बुधवार

सकाळी सात-चाळीस. रेडिएटर बघायचं निमित्त करून तिच्या वर्गात गेलो. दार लावून घेतलं. म्हटलं, "घाबरू नका. मीही त्याच साइटवर आहे, गेल्या जूनपासून. तुम्ही महिन्याला किती भरता?"

मार्लीन म्हणाली, "कुठली साइट?"

तिच्या मागे फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखलेली. 'पुसू नका, शुक्रवारसाठी.' वर तिच्या अक्षरात 'जीन यांचं सूत्र'. खाली मुलांच्या वेड्यावाकड्या अक्षरात व्हँडरवील: अठ्ठावन्न वजा बारा, सेहेचाळीस. भागिले आठ. गुणिले चार.

तेवीस.