घर कुठल्या तारखेला थांबवायचं

३ मार्च

राजधानीतलं मोठं संग्रहालय झालं एकदाचं. पाय कामातून गेले. तलवारी, तोफा, नकाशे, पुन्हा तलवारी. दादा प्रत्येक पाटी मोठ्याने वाचतो — जणू मला अक्षरओळखच नाही!

हा दौरा सरकारी खर्चाने. कारण आमचं घर. बाबांनी लढाईत सरहद्दीवरचं ठाणं अख्खा हिवाळा लढवलं, पदक मिळवलं. म्हणून त्यांच्या घराचं संग्रहालय करायचंय. आधी बाकीची बघून घ्या, मग ठरवा, असं म्हणे. घर आईच्या नावावर, सही तिची. दादा आत्ताच हवेत आहे. मला विचारलं तर — पण मला कोण विचारतंय?

आईने यायला साफ नकार दिला. "म्हातारीला जुन्या वस्तू काय दाखवायला नेता?"

४ मार्च

एका न्यायाधीशाचं घर. खुर्च्यांना दोऱ्या बांधलेल्या. टेबलावर प्लास्टरचा पाव, कपात अर्धा चहा — चहा कसला, तपकिरी लाख ओतलेली! शेजारी चष्मा उलटा ठेवलेला. म्हणजे साहेब आत्ताच उठून गेलेत, असं आपण समजायचं.

संग्रहालयाच्या बाई बरोबर होत्या. आमच्या घराचं काम त्यांच्याकडेच आहे. त्यांनी समजावलं, असं घर एका तारखेला थांबवायचं असतं. तारीख ठरली की त्यानंतर घरात आलेलं सगळं बाहेर. नवा पंखा, नवा नळ, नव्या भिंती.

"तुमची कुठली धरायची?"

दादाचं उत्तर तयार होतं. "बाबा पदक घेऊन घरी आले तो दिवस!"

तेव्हा दादा रांगत होता. मी जन्मालाच आले नव्हते. लाखेच्या चहाकडे बघत उभी राहिले.

५ मार्च

घरी परत. दिवसभर गाडी. दादा घोरला.

७ मार्च

बाबांच्या ठाण्यावर जायचं म्हटल्यावर आई आपणहून स्वेटर घालून दारात! गुडघेदुखी कुठे गेली कोण जाणे.

ठाणं म्हणजे दगडी भिंत, चार तोफा आणि वारा. कॅप्टनच्या, म्हणजे बाबांच्या, खोलीत त्यांचा मेणाचा पुतळा. दादाचे डोळे भरून आले. मला, खरं सांगायचं तर, काहीच वाटलं नाही. बाबा माझ्याशी जेवढं बोलायचे तेवढंच तो पुतळाही बोलत होता.

आई मात्र दोरीखालून वाकून थेट आत. त्याची कॉलर सरळ करायला लागली! पहारेकऱ्याने शिट्टी मारली.

"आजी, हात लावायचा नाही!"

"नवरा आहे माझा."

बिचारा शिट्टी तोंडात तशीच धरून उभा. आईने कॉलर नीट केली, बटण लावलं, सावकाश बाहेर आली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "चेहरा फारच शांत केलाय."

१० मार्च

बाईंची माणसं घरी येऊन गेली. दादाने सांगितलेल्या तारखेनंतरच्या प्रत्येक वस्तूवर लाल गोल कागद चिकटवला. पद्धत आहे म्हणे. आईचं शिलाई मशीन — लाल. व्हरांडा बंद करून केलेली माझी खोली — दार, खाट, कपाट, सगळं लाल. गोवर आल्यासारखी दिसते.

जेवणाचं टेबल जुनं, म्हणून ते राहणार. पण वरचा इस्त्रीचा डाग घासून काढणार. आई माझ्या शाळेच्या फ्रॉकला इस्त्री करत होती, मी जिन्यावरून पडले, आणि ती इस्त्री तशीच टाकून धावली. बाबांना दिसू नये म्हणून त्यावर कापड घातलं. ते कापड अजून आहे. बाबा गेले, तरी आहे.

मला वाईट वाटलं. चांगलंच वाटलं. या वयात एका डागासाठी रडू यावं!

११ मार्च

बाई सही घ्यायला आल्या. आईने पेन हातात घेतलं आणि विचारलं, "मला नाही लावला तो लाल कागद?"

"काहीतरीच काय, आजी!"

"त्या दिवशी या घरात एक तरणी बाई होती. केस कमरेपर्यंत. ही म्हातारी नंतर आली. हिला कुठे ठेवणार?"

मग आईनेच सांगून टाकलं. "घर देते. पण तारीख मी जाईन त्या दिवसाची. तोवर इथे मीच राहणार. आणि त्या दिवशी जे जसं असेल, ते तसंच राहील."

दादा भडकला. "मग यात बाबांचं काय राहिलं?"

"त्यांचं ठाण्यात आहे की. चांगला पुतळा आहे."

अशी तारीख आजवर कुणी धरली नाही, बाई म्हणाल्या. बाहेर जाऊन कुणाकुणाला फोन केले. आत येऊन म्हणाल्या, चालेल. आईने सही केली. दादा न जेवता गेला.

मी लाल कागद नखाने काढत बसले. खाटेवरचा काही केल्या निघेना.

२ एप्रिल

आई हल्ली उठल्या उठल्या घर आवरते. उशा झटकते, चपला जोडीने लावते. मी म्हटलं, घाई काय आहे एवढी?

"तुझं काय जातंय? लोक म्हणतील, काय पसारा घालायची बाई!"

इतकी हसलो दोघी, की ठसका लागला.

१९ जून

तारीख ठरली.

आई आज सकाळी खुर्चीतच गेली. कपात अर्धा चहा आहे. चष्मा उलटा. टेबलावरचं कापड तिने काढून, घडी करून बाजूला ठेवलंय. डाग उघडा.

दादा सवयीने कप उचलायला गेला. मी ओरडलेच — हात लावायचा नाही!