रडतोय तोवर

१ सप्टेंबर
रुजू झाले एकदाची. लहान मुलांच्या तातडीच्या विभागात केसपेपरची खिडकी माझी. इगतपुरीहून नाशिकला बिऱ्हाड हलवताना सासूबाई म्हणाल्या होत्या, शहरात कुणी कुणाला विचारत नाही. इथं तर सकाळपासून सगळे मलाच विचारतायत, आमचा नंबर कधी? खुर्ची फिरती आहे, पंखा बरोबर डोक्यावर आहे आणि दोन वेळचा चहा फुकट. रवी पिंपळगावला कोल्ड स्टोरेजवर असतो. त्याला फोन केला, तर म्हणाला, साहेबीणबाई झालीस की.

४ सप्टेंबर
तापाची साथ आहे. हॉलमध्ये साठ-सत्तर पोरं आणि आत डॉक्टर एकच. तीन-तीन तास थांबावं लागतं. रडल्याशिवाय आईही पाजत नाही म्हणतात, इथं अगदी तसंच चालतं. जे पोर कानठळ्या बसवतं त्याला दारावरचे कोंडाजी आधी आत सोडतात. बाकीचे बाकावर.

शेवटच्या बाकावर हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी असते. आया फॉर्म भरायला आल्या की पोर तिच्या मांडीवर देतात आणि ते दोन मिनिटांत गप्प होतं. बाई फार कामाची. आता मीच सांगते, ताई, पोर त्या आजींकडे द्या आणि इथं सही करा. माझं डोकं दुखायचं थांबलंय.

९ सप्टेंबर
संजना सिस्टर आज चिडल्या होत्या. म्हणाल्या, रडणाऱ्या पोराची मला भीती नाही, श्वास चाललाय म्हणून तर रडतंय. भीती गप्प पडलेल्याची. अशी पोरं मागे का राहतात, असं त्यांनी मला आणि कोंडाजींना विचारलं. या आठवड्यात चार गेली. चौघांच्याही आया एकच सांगत होत्या, आत्ताच शांत झालं होतं, आम्हाला वाटलं उतार पडला.

डबा तसाच परत आणला. चौघांचे केसपेपर काढून पाहिले. त्या चारही जणींना शेवटच्या बाकाकडे मीच पाठवलं होतं.

१० सप्टेंबर
कोंडाजींना विचारलं, ही म्हातारी कुणाची? ते म्हणाले, मला वाटलं हास्पिटलचीच आया हाय. सिस्टरांना वाटत होतं, कुणा पेशंटची नातेवाईक. तिचं म्हणून एकही पोर इथं नाही.

धीर करून तिच्यापर्यंत गेले. तिनं मान वर करून उलट मलाच विचारलं, तुझं केवढं हाय गं? तोंडातून निघून गेलं, तीन वर्षांचा, अश्विन. का सांगितलं मी?

१२ सप्टेंबर, सकाळी साडेअकरा
अश्विन पहाटेपासून तापानं फणफणलाय. आज मी खिडकीच्या या बाजूला. आत एका बाळाला नळी घालतायत, डॉक्टर हलू शकत नाहीत. सिस्टर म्हणाल्या, रडतोय ना, मग थांब थोडं. पुढे अकरा जण. रवी टेंपोत बसलाय, महामार्गावर अडकलाय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, झोप लागू नये म्हणून लिहितेय. एक हात अश्विनभोवती, वही बाकावर, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

साडेबारा
पुढे सात. तो गप्प व्हायला लागला की चिमटा काढते. शेजारची बाई म्हणाली, कसली आई आहेस तू. रड रे बाळा. रड.

म्हातारी मधल्या बाकावर आलीये. उठताना दिसली नाही.

एक वाजून दहा
पुढे चार. त्याच्या मांडीवर माझ्याच बोटांचे वळ. आवाज बसत चाललाय त्याचा — ती आता समोर. म्हणते, दमलीस गं, जरा टेक. नाही म्हटलं. तीनदा नाही म्हटलं —

पावणेदोन
डोळा लागला नाही. नसेल लागला. पुढे कुणी नाही — सिस्टर दारात — अश्विनचंच नाव घेतायत —

किती शांत झालाय हॉल.

अक्षर नीट येतंय. वही मांडीवर आहे. एक हात वहीवर, एकात पेन. मग अश्विन कुणाच्या —