गणपतीचं घनफळ

३ डिसेंबर २००१
हर्षालीच्या शाळेत पालक मीटिंग. पोरीला घनफळाच्या टेस्टमध्ये वीसपैकी तीन. गुरुजी म्हणाले, फॉर्म्युला पाठ करून भागत नाही, घरी वस्तू हाताळायला द्या. बाकीच्या आया खाली बघत बसल्या. मी उठून सांगितलं की मी मॅट्रिक आहे, आमच्या आळीतल्या सगळ्या पोरांचं घनफळ माझ्याकडे. पंधराला पुन्हा टेस्ट. गजाननाच्या कृपेनं वीसपैकी वीस.

५ डिसेंबर
इष्टिकाचिती. साबणाची नवी वडी फोडणं जिवावर आलं, म्हणून काड्यापेटी घेतली. लांबी, रुंदी, उंची, गुणाकार. शेजारच्या बयाबाईच्या नातवानं, आदेशनं, आत किती मावतं ते बघायला पाणी ओतलं. काड्या वाळत घातल्यात. चूल बयाबाईकडच्या निखाऱ्यावर पेटवली. पोरांना विषय कळला. कळला असावा.

७ डिसेंबर
तीन शंकू भरून ओतले की तेवढ्याच तोंडाची, तेवढ्याच उंचीची वृत्तचिती भरते. पुठ्ठ्याचा शंकू केला, डब्यात रवा ओतला. दोन शंकूंतच डबा भरला. मी म्हटलं, रवा फुगतो. हर्षाली म्हणाली, "आई, भिजवल्यावर फुगतो." उलट बोलायची खोड बापाकडून आली.

९ डिसेंबर, रविवार, सकाळी
आज वेडीवाकडी वस्तू. काठोकाठ भरलेल्या पातेल्यात ती बुडवायची, सांडेल तेवढं पाणी म्हणजे घनफळ. टोमॅटो टाकला, तरंगला. बटाटे संपलेत, आणि घनफळासाठी विकत आणणं पटेना. मग सुचलं. देव्हाऱ्यातला पितळेचा गणपती. रोज आंघोळ घालतेच, आज पोरांपुढे घालू. सांडलेलं पाणी तीर्थ म्हणून वापरता येईल. असं गुरुजींनाही सुचलं नसतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
हात जोडून मूर्ती पातेल्यात सोडली. बुडबुडे आले. आदेश म्हणाला, "काकू, गनपती आतून पोकळ हाय." देवाला पोकळ म्हणू नये, असं मी सांगतेय तोवर मूर्ती पाण्याखाली गेली आणि सगळी पोरं सवयीनं ओरडली, "पुढच्या वर्षी लवकर या."
सासूबाई ओट्यावरून आत आल्या. पातेल्यात वाकून बघितलं. "कार्तिकात इसर्जन केलंस व्हय गं? घरातला देव घालवलास."
मी घनफळ समजावून सांगितलं. त्यांनी पोरांना घरी पाठवलं आणि देव्हाऱ्यात गणपतीच्या जागी सुपारी ठेवली. ओझरला जाऊन विघ्नहराची माफी मागितल्याशिवाय मूर्ती जागेवर नाही म्हणाल्या. पाणी मोजायचं राहिलंच.

११ डिसेंबर
ओझरला गेले. जीपवाला कुंडलिक म्हणाला, "वहिनी, गनपतीला पवायला शिकवलं म्हनं तुमी?" सगळी जीप हसली. बयाबाई म्हणाली, "हसू नगा रं, मास्तरीनबाई हायेत त्या." तेव्हा जास्तच हसले. मी पदर पुढे ओढून बाहेरच्या द्राक्षबागा बघत बसले. शिक्षणाचं काम करणाऱ्याला हे सोसावंच लागतं.
गाभाऱ्यासमोर मात्र मान वर करवली नाही. पायांचंच दर्शन घेतलं.

१८ डिसेंबर
रिझल्ट. प्रश्न होता, वेड्यावाकड्या वस्तूचं घनफळ कसं काढाल. आळीतल्या सगळ्या पोरांनी लिहिलं, "प्रथम पितळेचा गणपती घ्यावा." गुरुजींनी वर्गात मोठ्यानं वाचलं. एकट्या हर्षालीनं बटाटा लिहिला. तिला सोळा. बाकीचे सगळे नापास.
गुरुजींनी तिला विचारलं म्हणे, आईनं शिकवलं का. ती म्हणाली, "नाही, माझं मी वाचलं." हे मला आदेशनं सांगितलं. पोर लाजाळू आहे, आईचा मोठेपणा चारचौघांत सांगवत नसेल.

२२ डिसेंबर, शनिवार
पुन्हा पालक मीटिंग. मी सकाळीच ठेवणीतलं पातळ काढलं होतं. हर्षाली म्हणाली, "आई, आज आजीला नेते." सासूबाईंना सही येत नाही, अंगठा उठवतात. मी म्हटलं, बरं. पातळ परत घडी करून ठेवलं. वळणापर्यंत येते म्हटलं, तर म्हणाली, "नको ना. पोरं बघतील."
आजीचा हात धरून गेली. मी दार लोटून घेतलं.