उजव्या डोळ्याचा कौल

३ ऑगस्ट १९९८, सोमवार
उजवा डोळा लवायला लागून आज नववा दिवस. पुरुषाचा उजवा डोळा लवणं शुभ, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. झमकूबाई मात्र डॉक्टर-डॉक्टर करते. नवऱ्याचं चांगलं झालेलं बायकोला बघवत नाही.
काय चांगलं होणार तेही उघड आहे. आळेफाट्याचा पन्नालाल, माझा थोरला भाऊ, माफी मागणार. त्याच्या जिनेशच्या लग्नात फेटे कमी पडले, तर शेवटचा बँडवाल्याला बांधला आणि मला म्हणाला, तू काय, घरचाच. अकरा वर्षं बोलणं बंद. जूनमध्ये त्याला अर्धांगवायू झाला, तोंड वाकडं. आजारात माणूस सुधारतो.

७ ऑगस्ट
आता गालही उडतो. मंचरच्याच डॉक्टरकडे गेलो. पोरगेलासा आहे. चहा किती? चार सांगितले. घरचे कोण मोजतो. झोप? उत्तम, दोन ते पाच. बीपी चढलंय म्हणाला. मशीन जुनं दिसलं. ताण? अजिबात नाही. फेट्याचा विचार रोज येतो, तेवढाच. आधी कधी तोंड वाकडं झालं होतं? चौऱ्याण्णव साली महिनाभर, पण ते वारं लागून. म्हणाला, यातलं काहीही कारण असू शकतं, पुण्याला दाखवा. चिठ्ठी दिली. मागची बाजू कोरी होती, किराण्याची यादी लिहिली.
उद्यापासून चहा बंद.

८ ऑगस्ट, सकाळी ९
चहा बंद केल्याने डोकं दुखलं. दोन घेतले.

१४ ऑगस्ट
अवसरीच्या साळुबाई दुकानात लुगडी बघत होत्या. भाव सांगताना डोळा लवला. म्हणाल्या, शेट, नातवंडं असतील तुमाला, लाज न्हाई का वाटत? लुगडं टाकून गेल्या. भाव पाडायची एकेकाची रीत असते.

१९ ऑगस्ट
पर्युषण सुरू. क्षमापनेची कार्डं छापून आली, तीनशे. ‘मिच्छामि दुक्कडम. कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा असावी.’ पन्नालाल सोडून सगळ्यांना टाकली.

२३ ऑगस्ट
जिनेशचा फोन. बाबांना दोन-चारच शब्द येतात, त्यात तुमचं नाव असतं, या. म्हटलं नव्हतं? संवत्सरीला जाणार, पर्युषणाचा शेवटचा, क्षमा मागायचाच दिवस. चेहरा गंभीर ठेवायची आरशासमोर प्रॅक्टिस केली. डोळा सोडला तर छान जमतं.

२६ ऑगस्ट, संवत्सरी
सगळं घर खाटेभोवती जमलेलं. पन्नालालच्या उशाशी लाल कापडात बांधलेलं काहीतरी. औषधं असावीत. तो काही बोलेना, म्हणून मोठ्या मनाने मीच हात जोडले. मिच्छामि दुक्कडम म्हणालो आणि डोळा मिटला, गाल वर चढला, तोंड वाकडं झालं. पुन्हा म्हणालो, पुन्हा तेच. चारदा.
पन्नालालने भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. हसत असावा. जिनेशने दंडाला धरून मला बाहेर काढलं. म्हणाला, काका, आजारी माणसाची नक्कल करायला एवढ्या लांब आलात?
निव्वळ गैरसमज. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली की मिटेल.

२७ ऑगस्ट
चिठ्ठी यादीबरोबर वाण्याकडे गेली. त्याने तिच्यात हिंग बांधला. दुसरी आणेन. घाई नाही.

२ सप्टेंबर, सकाळी ८
डोळा एकदम शांत. आजच जाऊन खुलासा करायचा. झमकूबाई कालपासून माहेरी आहे, सूनबाई म्हणाली.

सायंकाळी ६
झमकूबाई आली. आळेफाट्याहून. पन्नालाल काल पहाटे गेला. सगळं उरकलं. मला कळवायचं नाही, असं तिकडे ठरलं होतं.
लाल कापड तिने माझ्यापुढे ठेवलं. आत फेटा. मी भेटायला गेलो की मला बांधायचा, म्हणून त्याने खुणा करकरून मागवून घेतला होता. ती म्हणाली, घ्या, मिळाला मान.
बांधायला कोणी आलं नाही. स्वतःच बांधला. फार वाईट वाटलं. आरशासमोर हात जोडून, या वेळी अगदी मनापासून, मिच्छामि दुक्कडम म्हणालो.
आरशातल्याने डोळा मारला.