खालच्या घरातली मोटर

गुरुवार, संध्याकाळ

आज चार दिवसांनी पाणी यायचं होतं. नळाचा आवाज जिला आधी येईल तिनं दुसरीचं दार वाजवायचं, हे रेखा खाली भाड्यानं आली तेव्हापासून आमचं ठरलेलं. दुपारभर मी जागीच होते. दार वाजलं नाही.

शेवटी खाली गेले. तिच्या नळाला मोटर जोडलेली होती. पाइप ओला.

"रेखा, पाणी येऊन गेलं?"

"व्हय की काकू. तुमी झोपला आसाल, म्हटलं कशाला उटवायचं."

मोटर कधी घेतली, ते विचारलं नाही. का नाही विचारलं? पाइप नवा नव्हता, शेवाळलेला होता. म्हणजे माझ्या नळाची धार बारीक होत गेली ती यामुळेच. मी कुरकुरायचे तेव्हा तीही म्हणायची, "लईच कमी येतंय हो काकू." मोटरपेक्षा हे जास्त लागलं.

घर माझं, नळ माझा. उद्या खोली सोड म्हणावं, असं ठरवून जिना चढले.

थोड्या वेळानं तीच दोन घागरी घेऊन वर आली. "आजून लागलं तर सांगा. लाजू नका."

घरात प्यायलाही पाणी नव्हतं. मी घागरी आत घेतल्या आणि म्हणाले, "बरं झालं गं, आठवणीनं आणलंस."