तेराच्या पाढ्याला आमेन

आई, तुला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि ती एक दुपार मी अजून कुणाला धड सांगितलेली नाही.

तू महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायचीस आणि देवालाही गणितासारखंच धरायचीस. अख्खं बायबल अकरा वेळा वाचून झालेलं, शंभरावर वचनं तोंडपाठ, आणि लग्नानंतर चर्चचा एकच रविवार चुकलेला, तो माझ्या जन्माचा. "दुपारपर्यंत थांबली असतीस तं काय बिघडलं असतं वं तुयं?" हे मी चांगली मोठी होईपर्यंत ऐकलं.

मग तुला पक्षाघाताचा झटका आला आणि पाठ केलेलं एकेक करून निघून गेलं. मे महिना आहे, हुडकेश्वरच्या घरात कूलर घरघरतोय, चर्चचे तरुण पास्टर तुला भेटायला आलेत. "बाई, प्रभूची प्रार्थना म्हणू," ते म्हणतात. तू चालता हात छातीशी धरतेस, डोळे मिटतेस आणि सुरू करतेस, "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस..." मी पास्टरांकडे पाहते. ते मान खाली घालून ऐकत राहतात आणि एकशे तीस आल्यावर शांतपणे म्हणतात, "आमेन."

तेव्हा कुठे तुझ्या लक्षात आलं, आणि तू रडायला लागलीस. "सारं पुसल्या गेलं. आता वर जाऊन काय दाखवू मी?"

"काहीच नोका दाखवू. तुमचा पेपर येशूनं आधीच लिवून ठेवला, बाई. निकालही लागला. तुम्ही पास आहा."

तू त्यांच्याकडे वर्गात पाहायचीस तसं पाहिलंस. "म्हणजे मी कॉपी करून पास?"

"हो. मीही तसाच झालो. दुसऱ्या रस्त्यानं कोणीच पास झालं नाही."

कॉपी करणाऱ्या पोरींना तू आयुष्यभर वर्गाबाहेर उभं केलंस. तू डोकं उशीवर टेकवलंस. मग मला म्हणालीस, "त्यायले सरबत दे वं," आणि झोपलीस. झटका आल्यापासून तुला इतकी गाढ झोपलेली मी पाहिली नव्हती. त्यानंतर दोन महिने तू अंथरुणातच होतीस, पण किती रविवार चुकले हे एकदाही विचारलं नाहीस.

पाढा चालू होता तेव्हा माझे खांदे हलत होते. पास्टरांना ते रडणं वाटलं, आणि तुझ्या दफनाच्या वेळी त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या भक्तीचं कौतुक केलं. चर्चमधल्या बाया अजून मला त्यासाठी मान देतात आणि मी तो घेते. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणूनच लिहिते. मी हसत होते, आई.